वाजणारा ब्रेक

"ब्रेक वाजतोय," मी म्हणालो.

"वाजू दे की," बाबालाल शिकलगार म्हणाले आणि हातातला पाना पुसत राहिले.

"तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच पॅड बदललेत."

"व्हय. मीच."

"मग वाजतोय का?"

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळून गाडीकडे बघितलं. "नवीन पॅड जरा कडक असतंय. वाजणारा ब्रेक बरा, साहेब. न वाजता जातोय त्यो वाईट. च्या घेणार?"

आजऱ्याच्या एस.टी. स्टँडमागं बाबालालभाईंचं गॅरेज होतं. दोन पत्र्यांचं छप्पर आणि एक आंब्याचं झाड. सन दोन हजार चार, फेब्रुवारीचा पहिला सोमवार, सकाळचे दहा. गाडी वडिलांची. आप्पा ती तिथं लावून शेजारच्या सलूनमध्ये दाढीला बसले होते, आणि मी ऑफिसला जाता जाता मोटरसायकल थांबवली होती.

मी तेव्हा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. अकरा वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजत होतो. मोजणीच्या दिवशी जो माणूस सगळ्यांत आधी चहा विचारतो त्याच्या बांधाकडे आधी बघायचं, हा आमच्या खात्यातला न लिहिलेला नियम. बाबालालभाईंनी मला पाच मिनिटांत दोनदा चहा विचारला.

"चहा नको. आवाज काढून द्या. आत्ता, माझ्यासमोर."

"आप्पास्नी विचारून..."

"गाडी घरचीच आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि जॅक लावला. पुढची दोन्ही चाकं उतरवली, आतून काहीतरी काढलं, कुठल्याशा डब्यातनं काहीतरी घातलं, ग्रीस लावलं. पाऊण तासानं गाडी रस्त्यावर पुढं-मागं करून दाखवली. आवाज पार गेला होता. म्हणजे त्यांना तो काढता येत होता, आणि तीन आठवडे त्यांनी तो काढला नव्हता.

एवढ्यात आप्पा गुळगुळीत गाल चोळत आले.

"साहेबांनी आवाज काढायला लावला," बाबालालभाई म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला ते पुरेसं होतं.

आप्पा म्हणजे विष्णू होडगे. एकोणतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली बावीस आंबोली घाटात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. कुणाचा पेशंट बेळगावला न्यायचा, कुणाची लेक माहेरी आणायची, की लोक होडगे डायव्हरला हाक मारायचे. गाडीत बसलं की आप्पा पायातलं काढून ठेवत आणि अनवाणी चालवत. "पेडल पायाला कळाया पायजे," म्हणत.

दसऱ्यापासून मात्र त्या गाडीला खोड लागली होती. ब्रेकवर नुसता पाय ठेवला तरी पुढच्या चाकांतून बारीक, लांब किंकाळी यायची. पाटीवर खडू उभा धरून ओढावा तशी. बाजारातली माणसं न बघता वाट सोडायची. दसऱ्यापासून गाडी सहा वेळा बाबालालभाईंकडे गेली होती. मी तारखा लिहून ठेवल्या होत्या. सहाही वेळा गाडी वाजत गेली होती आणि वाजतच परत आली होती.

मंगळवारी ती न वाजता घरी आली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आदळली. नुकसान फार नव्हतं, बंपर दबला. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"ऊन डोळ्यावर आलं," आप्पा म्हणाले.

आमच्या अंगणात दुपारी तीननंतर घराची सावली असते. तेव्हा साडेचार झाले होते. खोटं मला कळलं, पण त्याचा दोष मी बाबालालभाईंच्या नावावर टाकला. घाईत काढलेला आवाज, कसातरी बसवलेला ब्रेक, आणि दोस्ताला सांभाळून घेणारे आप्पा.

बुधवारी दुपारी मी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यामागं उभा होतो. खरं सांगायचं तर मुद्दाम उभा होतो. समोर गॅरेजात आमची गाडी पुन्हा जॅकवर चढली होती. आप्पा पालथ्या डब्यावर बसून तंबाखू मळत होते. बाबालालभाईंनी चाक उतरवलं, आत हात घातला आणि दोन पातळ पत्रे बाहेर काढले. बोटभर लांबीचे असतील. ते फडक्यानं पुसून त्यांनी शर्टाच्या खिशात घातले. दुसऱ्या चाकातूनही दोन काढले, तेही खिशात. मग गाडीत बसून थोडी पुढं घेतली आणि ब्रेक दाबला.

किंकाळी चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू आली.

आप्पांनी समाधानानं मान हलवली आणि तंबाखू तोंडात टाकली.

म्हणजे भरदिवसा, मालकाच्या समोर, चांगल्या गाडीतले भाग काढून हा माणूस खिशात घालत होता, आणि एकोणतीस वर्षं स्टिअरिंग धरलेले माझे वडील शेजारी बसून मान हलवत होते.

जेवताना मी विषय काढला.

"आप्पा, बाबालालभाईंनी गाडीतनं काय काढलं आज?"

"काय काढलं?"

"खिशात घातलं ते."

आप्पांचा घास हातात राहिला. "माझ्यावर पाळत ठेवलीस व्हय रं, दिग्या? आता गाडीचीबी मोजणी करून सातबाऱ्यावर चढवणार हैस काय?"

"तो माणूस फसवतोय तुम्हाला."

"फसवू दे. वीस वर्षांचा दोस्त हाय. फसवला तर मला फसवला, तुला काय तरास?"

"त्या गाडीत मुक्ता बसते." मुक्ता माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची.

आप्पा भात तसाच ठेवून उठले.

आई म्हणाली, "कुणाला इचारतोयस तू? परवा एका पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं पडली म्हटलं तर म्हणतात, ठावं न्हाई. शेवटी पट्ट्याची सँडल आणायला लावली. ज्या माणसाला पायातली चप्पल सांभाळंना, त्यो गाडीतलं काय सांभाळणार?"

आम्ही दोघंही हसलो.

शुक्रवारी आप्पा एका लग्नाला वऱ्हाडाच्या टेंपोतनं नेसरीला गेले. मला गाडी चालवता येत नव्हती. आमच्या ऑफिसच्या जीपवरचा ड्रायव्हर सावंत याला मी सोबत घेतलं, सुट्टी टाकली आणि गाडी गडहिंग्लजच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथं लिफ्ट होती, गणवेश होता, आणि तिथला मिस्त्री प्रश्न विचारल्याशिवाय पाना हातात घेत नव्हता.

"पेडल दाबलं की खोल जातंय काय?"

"नाही," सावंत म्हणाला.

"गाडी एका अंगाला ओढतीय? पेडल पायाखाली थरथरतंय? जळाल्याचा वास?"

"काहीच नाही. नुसती बोंबलतेय."

मिस्त्रीनं चाकं काढली आणि बॅटरी लावून बराच वेळ आत बघितलं. मग मला जवळ बोलावलं. "ब्रेक एकदम चांगला हाय तुमचा. तेल बरोबर, पॅड जाड, डिस्क गुळगुळीत. पण हे बघा. पॅडच्या पाठीमागं आवाज मारायला पातळ पत्रे असतात, ते न्हाईत. आणि पॅडच्या ह्या कडा तिरक्या असतात, त्या कानशीनं घासून सरळ केल्यात."

"झिजून झाल्या नसतील?"

"झिजून अशी रेघ येत न्हाई. कुणीतरी मुद्दाम केलंय. निवांत बसून. हात चांगला हाय त्याचा."

"ब्रेक मुद्दाम कोण कशाला वाजवेल?"

मिस्त्री हसला. "गिऱ्हाईक सारखं यावं म्हणून. आणि कशाला?"

मला हवं होतं ते उत्तर मिळालं. मी नवे पॅड आणि नवे पत्रे बसवून घेतले. परतीच्या वाटेवर सावंतनं चार ठिकाणी ब्रेक मारून बघितला. गाडी लोण्यासारखी थांबत होती आणि आवाजाचा मागमूस नव्हता.

घरी मी कुणाला काही बोललो नाही. मोजणीचा निकाल जागेवर सांगायचा नसतो. नकाशा तयार झाला की हातात ठेवायचा. रविवारी सावंतवाडीला माझ्या बहिणीच्या, शुभदाच्या बाळाचं बारसं होतं. आप्पा गाडी चालवणार होते. आवाज नाही हे त्यांचं त्यांनाच कळू दे, त्यांनीच विचारू दे, मग मी चार पत्र्यांचा हिशेब मांडणार होतो.

रविवारी सकाळी आठला निघालो. बायको दोन दिवस आधीच मदतीला गेली होती. मागच्या सीटवर आई, मुक्ता आणि बाळाच्या कुंचीची पिशवी. मी पुढं, आप्पांच्या शेजारी.

गाव संपता संपता एक म्हैस आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली. आप्पांनी मान खाली घालून आपल्या पायाकडे बघितलं. म्हैस गेली तरी ते बघतच होते.

"काय झालं?" मी साळसूदपणे विचारलं.

"काय न्हाई."

पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा खाली बघितलं. मग त्याच्या पुढच्या वळणावर. गाडीचा वेग पन्नासचा चाळीस झाला, चाळीसचा तीस.

"आजोबा, तो सायकलवाला पुढं गेला!" मुक्ता ओरडली.

"जाऊ दे बाळा. त्याला घाई हाय."

एरवी आप्पा गाडी चालवताना अखंड बोलत. या वळणाला कुणाची बस पंक्चर झाली, त्या झाडाखाली कोणता कंडक्टर तिकिटाची पेटी विसरला. त्या दिवशी त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. कपाळावर घाम होता. दोस्ताची लबाडी लक्षात आल्यावर माणूस असाच गप्प होणार, असं मी समजलो. मला थोडं बरंही वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

आंबोलीच्या स्टँडसमोर त्यांनी गाडी थांबवली. थांबवली तीही ब्रेकनं नाही. एकेक गिअर कमी करत आणली आणि शेवटी हँडब्रेक ओढला. आई मुक्ताला घेऊन लिंबूसरबत घ्यायला गेली. आप्पा खाली उतरून सँडलचा पट्टा लावत म्हणाले, "गाडीला कोण हात लावला?"

"मी. शुक्रवारी गडहिंग्लजला नेली होती." आणि मग मी सगळं मांडलं. खिशात गेलेले चार पत्रे, कानशीनं घासलेल्या कडा, मिस्त्रीचं बोलणं, सहा तारखा. "मुद्दाम केलं होतं, आप्पा. तुमच्या वीस वर्षांच्या दोस्तानं."

ते चिडतील असं वाटलं होतं, माझ्यावर किंवा बाबालालभाईंवर. ते नुसते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"इचारायचं हुतंस रं," ते म्हणाले.

"विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाही."

स्टँडवर सावंतवाडीची बस लागत होती. आप्पांनी तिकडं बघितलं. "तुझ्या आईला आणि मुक्ताला एस.टी.त बसव."

"का?"

"गाडीत पेट्रोलचा वास येतोय. पोरीला उलटी हुईल घाटात."

"मला नाही येत वास."

"तुला न्हाई येत. मला येतोय. तूबी जा त्यांच्यासंगं. मी येतो मागनं निवांत."

माझा संशय पुन्हा उभा राहिला. आम्हाला बसमध्ये घालायचं, गाडी वळवायची आणि आजऱ्याला जाऊन पत्रे पुन्हा काढून घ्यायचे, असा बेत असणार. दोस्तासाठी माणूस नातवाचं बारसं सोडेल?

"त्या दोघी जाऊ देत. मी तुमच्याबरोबर येणार."

"दिग्या, ऐक माझं."

"मी गाडीतच बसणार, आप्पा."

त्यांनी मुक्ताला स्वतः उचलून बसमध्ये चढवलं. मग पुढं जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीत हात ठेवला. "जरा सावकाश रं. नात हाय माझी आत." ड्रायव्हर ओळखीचा निघाला. "तुम्ही शिकवलेलाच घाट हाय, होडगेमामा," म्हणत त्यानं बस काढली.

आम्ही मागोमाग निघालो. आप्पांनी सँडल काढून सीटखाली सारली. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, हा त्यांचा नियम. पहिली तीन वळणं त्यांनी दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला न शिवता काढली. बस पुढं दिसेनाशी झाली. दरीच्या बाजूला कठडा, दुसरीकडं डोंगर आणि त्याच्या पायाशी सुकलेलं गटार.

चौथं वळण संपलं आणि समोर रस्त्यातच एक निळी गाडी उभी. दारं उघडी, माणसं उतरून माकडांना बिस्किटं टाकत होती. साठ-सत्तर फुटांवर असतील.

आप्पांनी पाय दाबला. गाडीचा वेग कमी झालेला मला जाणवला.

"लागला काय?" आप्पा म्हणाले.

"काय?"

"ब्रेक रं! ब्रेक लागला काय?"

मला प्रश्नच कळला नाही. ब्रेक त्यांच्या पायाखाली होता आणि विचारत ते मला होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा जोरात दाबला. इंजिन गरजलं. गाडी पुढं झेपावली. एका बाईनं पोराला दंडाला धरून कडेला ओढलेलं मी बघितलं.

मी हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. त्याच क्षणी आप्पांनी स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला फिरवलं. सगळं, एका झटक्यात, पण घाई न करता. समोरून काही येत नव्हतं हे नशीब. चाक गटारात उतरलं, गाडी डोंगराला घासत दहा-बारा फूट गेली, कडाकड काहीतरी मोडलं आणि इंजिन बंद पडलं. निळ्या गाडीपासून आम्ही दोन हातांवर होतो.

लोक धावत आले. कुणी पाणी दिलं, कुणी शिव्या. "म्हाताऱ्या माणसानं गाडी कशाला चालवायची?" असं एकजण म्हणाला. मी आप्पांना दुसऱ्या बाजूनं उतरवून मोरीच्या कट्ट्यावर बसवलं. त्यांचे हात स्थिर होते.

मग मला रस्त्यावर गाडीपासून कट्ट्यापर्यंत लाल ठसे दिसले. एकाच पायाचे, उजव्या.

"आप्पा, पाय."

"काय झालं?"

"रक्त येतंय."

त्यांनी पाय वळवून बघितला. चवड्याखाली बोटभर लांब चीर गेली होती आणि तिच्यात पेडलचा रबराचा तुकडा अडकला होता. आप्पा त्याकडे असं बघत होते, जसं दुसऱ्या कुणाचं तरी सामान आपल्या पिशवीत निघावं.

"दुखतंय?"

मी तो तुकडा उपसून काढला. पाय हललासुद्धा नाही.

"कधीपासनं?"

"दसऱ्याच्या आधी." मग दरीकडे बघत ते बोलू लागले. "पयल्यांदा मुंग्या आल्यागत व्हायचं. मग तेबी जायला लागलं. पाय पेडलवर हाय का खाली, बघितल्याबिगर कळंना. बाबालालला म्हटलं, मला कानानं कळंल असं काय तरी करून दे. नुसता टेकला तरी वराडला पायजे. त्यो न्हाईच म्हणत हुता. चार दिवस बोलला न्हाई माझ्यासंगं. मग म्हणाला, करून देतो, पण घाट उतरायचा न्हाई आणि पोरास्नी बसवायचं न्हाई."

"आणि तुम्ही?"

"लेकीच्या घरी पयलं बारसं. होडगे डायव्हर एस.टी.त बसून जाणार हुता व्हय?" त्यांनी गटारातल्या गाडीकडे बघितलं. "आवाज असता तर नेली असती बघ."

मी खिशातला रुमाल काढून त्यांच्या पायाला बांधला.

पुढच्या आठवड्यात मी बाबालालभाईंच्या गॅरेजवर गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला सांगायला काय झालं होतं? माझी मुलगी बसत होती त्या गाडीत."

"शप्पथ घातली हुती त्यांनी."

"मग करून द्यायचं नाही. गाडी सोडा म्हणायचं."

"म्हटलं की. तर म्हणाले, तू न्हाई तर दुसरा. दुसऱ्याकडं जाऊन गुमान नुसते पॅड बदलून आले असते, साहेब. माझ्याकडं निदान वाजत तरी हुते." ते नटबोल्टांच्या डब्यात बोट फिरवत राहिले. "आणि तुम्ही नुसतं ब्रेकचंच इचारलंसा. पायाचं एकदा तरी इचारलंसा काय?"

पायाचं मी विचारलं नव्हतं. पण त्यांचं चुकलं नाही असंही मी म्हणणार नाही.

गाडी गटारात गेली त्या रविवारी त्या निळ्या गाडीवाल्यांनीच आम्हाला सावंतवाडीत सोडलं, शुभदाच्या घराजवळच्या एका दवाखान्यात. डॉक्टर रेडकर बाई कुठल्याशा हळदीकुंकवाहून थेट आल्या होत्या. केसांत गजरा आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यांनी आधी रक्त तपासलं. साखर तीनशे वीस होती. मग जखम धुतली, भुलीचं इंजेक्शन द्यायला सुई भरली, आप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती बाजूला ठेवून दिली. सात टाके पडले. आप्पा तेवढ्या वेळात भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"मॅडम, गाडी चालवायला हरकत न्हाई नव्हं?" त्यांनी विचारलं. "मलम लावून, गोळ्या घेऊन. एवढंच सांगा."

"ते मी नाही सांगणार, काका. तुमचा पाय सांगेल." बाईंनी पेटीतून नायलॉनचा एक दोरा लावलेली काडी काढली. "डोळे मिटा. डाव्या पायापासून बघू. दोरा टेकला असं वाटलं की हो म्हणा. उगाच म्हणायचं नाही हां."

आप्पांनी डोळे मिटले. मी पायाशी उभा होतो.

बाईंनी अंगठ्याला दोरा टेकवला. "हो," आप्पा म्हणाले. टाचेला. "हो." मग उजवा पाय. करंगळीला. थोडं थांबून, "हो." टाक्यांच्या वर. "हो." दहापैकी नऊ वेळा त्यांनी बरोबर सांगितलं.

"अहो, बरंय की!" बाई म्हणाल्या. "मी घाबरलेच होते. म्हणजे संवेदना आहे अजून. साखर आटोक्यात आणली तर दोन-तीन महिन्यांनी..."

आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. बाहेर शुभदाचा नवरा पोचला होता. त्याचा आणि आईचा आवाज येत होता. आप्पांना तिथून उठायचं होतं आणि नातवाला पाळण्यात बघायचं होतं. मी गप्प बसलो असतो तर तेवढं झालं असतं.

"मॅडम," मी म्हणालो, "बांगड्या काढून एकदा बघता का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मनगटांकडे. प्रत्येक वेळी हात पुढं जाताना त्या किणकिणत होत्या. बाईंना कळायला वेळ लागला नाही. आप्पांनाही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी एकेक बांगडी काढून ट्रेमध्ये ठेवली. एकूण चौदा. मग स्वतः उठून पंखा बंद केला.

"डोळे मिटा, काका."

आप्पांनी डोळे मिटले आणि मान किंचित तिरकी केली.

बाईंनी अंगठ्याला दोरा टेकवला. मग टाचेला. करंगळीला, तळव्याला, घोट्याच्या खाली. डाव्या पायाला, उजव्या पायाला. मी मनात मोजत होतो. दहा झाले. बाईंनी काडी पेटीत ठेवली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

आप्पा तसेच बसले होते, डोळे मिटून, एक कान पुढं करून.

"करा की सुरू, मॅडम," ते म्हणाले.